झिजलेल्या चांदीच्या नाण्याची ग्रेड: दहापट भिंग, डिजिटल काटा आणि लॅम्प, काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या चांदीच्या नाण्यांची ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून ठरणारा दर्जा, स्वतःला ठरवता यावी म्हणून तीन वस्तू घेतल्या: दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि मान हवी तशी वाकवता येणारा टेबललॅम्प. बरेच महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की तिघांत लॅम्प सगळ्यात कामाचा आणि त्याच्या खालोखाल काटा. ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त चौकशी केली ते भिंग ग्रेड ठरवायला फारसं लागतच नाही. त्याचा उपयोग वेगळ्याच कामाला होतो.

आधी भिंगाबद्दल. एकमेकांना चिकटवलेल्या तीन काचांचं, म्हणजे ट्रिप्लेट आहे. नाण्यावरची अक्षरं कडेपर्यंत सरळ दिसतात, भोवती रंगीत झालर येत नाही. एका काचेच्या भिंगात मधलं तेवढं स्पष्ट आणि कडेचं वाकडं, त्यामुळे ट्रिप्लेट घेतल्याचं समाधान आहे. पण दहापटीला नाणं काचेपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवायचा, नाणं कडेनं धरून वर आणायचं, आणि आपल्याच बोटांची सावली त्यावर पडू द्यायची नाही, एवढी कसरत अंगवळणी पडायला वेळ लागतो. शिवाय एका नजरेत नाण्याचा तुकडाच दिसतो. ग्रेड ठरते ती अख्ख्या नाण्याची. दहापटीत प्रत्येक ओरखडा नांगरटीसारखा दिसतो आणि चांगलं नाणंही नकोसं वाटायला लागतं. त्यामुळे आता क्रम असा: आधी हातभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी, मग गरज पडली तर साध्या पाचपट भिंगातून. ग्रेड तिथेच ठरते.

झिजलेल्या नाण्यात काय गेलं यापेक्षा काय उरलं हे बघणं सोपं जातं. याचा सगळ्यात सोपा धडा अमेरिकेची १८९२ पासूनची बार्बर नाणी देतात. नाण्यावरच्या चेहऱ्याच्या कपाळावरच्या पट्टीत 'लिबर्टी' ही सात इंग्रजी अक्षरं आहेत. सातही वाचता आली, एखाददुसरं पुसट असलं तरी, तर नाणं फाइन. तीनेक अक्षरं उरली असतील तर व्हेरी गुड. पट्टी सपाट, पण चेहऱ्याची बाह्यरेषा आणि कडेची अक्षरं शाबूत, तर नुसतं गुड. नाव 'गुड', नाणं पार गुळगुळीत! नवख्यांची इथेच फसगत होते. या शिडीवर गुड खालून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आहे.

राणीछाप रुपयाला अशी आयती पट्टी नाही. तिथे मी तिरप्या उजेडात कानावरच्या केसांच्या बटा, गाल आणि पोशाखावरची नक्षी बघतो. बटा एकमेकींत मिसळून एकच गोळा झाला असेल आणि नक्षीचे ठिपके तेवढे उरले असतील, तर मागची बाजू कितीही देखणी असो, मी फाइनच्या वर जात नाही. मागची बाजू या रुपयात नेहमीच भाव खाते, कारण तिथे चेहरा नाही, सगळा उठाव बेताचा: मधे मजकूर आणि साल, भोवती वेलबुट्टीची चौकट. म्हणून मागची बाजू आधी बघायची नाही हा मी स्वतःला घातलेला नियम. पंचम जॉर्जच्या रुपयात राजाच्या झग्यावरच्या माळेत हत्ती आहे. १९११च्या नाण्यांवर तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला गेला. हे नाणं हातात आलं की आधी तो हत्ती शोधायचा. त्याची सोंड सुटी दिसते की नुसता फुगवटा राहिलाय, एवढ्यावरून झिजेचा बराच अंदाज येतो.

अवघड प्रश्न पुढचा: सपाट दिसणारा भाग झिजलाय, की मुळात छापच नीट उठला नव्हता? मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर, त्यातही न्यू ऑर्लीन्स टांकसाळीचे, यासाठी बदनाम आहेत. कानावरचे केस आणि गरुडाच्या छातीची पिसं नाणं पाडतानाच अर्धवट उठलेली. इथे लॅम्पची खरी किंमत कळते. नाणं उजेडाखाली हळूहळू कलतं करत फिरवा. छाप कमजोर असेल तर त्या सपाट भागावरूनही मूळ चकाकी सरकत जाते, नाहीतर छाप मारण्याआधीच्या कोऱ्या चकतीचा खडबडीतपणा दिसतो. झीज असेल तर तो भाग राखाडी, मंद राहतो, नाणं कितीही फिरवा, उजेड तिथे अडतो. जाता जाता, १९१८च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी प्रामुख्याने ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयांसाठी गेली. म्हणजे एखाद्या हत्तीवाल्या रुपयात जुना मॉर्गन विरघळलेला असू शकतो.

भिंग कामाला येतं ते इथून पुढे: नाणं घासून साफ केलंय का हे शोधायला. झिजलेल्या चांदीवर अक्षरांच्या कोपऱ्यांत काळसर रंग साचतो, तो हवाच. अख्खं नाणं पांढरंफटक आणि कोपरेही स्वच्छ असतील तर भिंग उघडायचं. मोकळ्या जागेत एकाच दिशेने जाणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेघा दिसल्या की कुणीतरी पावडर लावून पुसलंय. हातांतून फिरलेल्या नाण्याचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांचे असतात, कुणी पुसलेल्याचे शिस्तीत. भिंगाभोवती एलईडीचं कडं असलेला प्रकारही वापरून पाहिला, पण चारी बाजूंनी उजेड पडला की सावलीच उरत नाही आणि नेमक्या याच रेघा गायब होतात. ते कडं मी बंदच ठेवतो.

काट्याने दिलेला आधार अनपेक्षित होता. ब्रिटिश काळातल्या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, आणि १९०६च्या नाणे कायद्यानुसार २ टक्क्यांहून जास्त घट झालेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे सुमारे ११.४३ ग्रॅमची रेषा. डोळ्यांना फाइन वाटलेला रुपया या रेषेच्या बराच खाली गेला की मी पुन्हा एकदा बघतो: कड कानशीने घासलीय का, दागिन्यात अडकवलेली कडी काढून टाकल्याची खूण आहे का. चेहरा चांगला पण वजन कमी, अशा वेळी उत्तर बहुतेकदा कडेवर सापडतं. काटा मात्र सपाट जागी ठेवा आणि पंखा बंद करा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो.

ग्रेडचे आकडे लिहायचे की नाही, हा मतभेदाचा विषय. १ ते ७० ही मोजणी विल्यम शेल्डनने १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी मांडली, तीही किमतीच्या हिशेबाने: ७०चं नाणं १च्या सत्तरपट मोलाचं. तो हिशेब केव्हाच मोडला, आकडे तेवढे राहिले. वरच्या टोकाला, जवळजवळ न झिजलेल्या नाण्यांसाठी, त्यांची गरज मला पटते. पण झिजलेल्या नाण्याला १२ द्यायचे की १५, यावर वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं. मी 'फाइन, दर्शनी बाजू किंचित कमी, साफ केलेलं नाही, ११.४८ ग्रॅम' असं लिहून ठेवतो. नुसत्या आकड्यापेक्षा यातून नाणं जास्त कळतं.

वस्तूंच्या तक्रारी किरकोळ. भिंगाच्या बिजागरीचा स्क्रू सैल होतो, चष्म्याच्या छोट्या पेचकसाने आवळावा लागतो. काट्याची बॅटरी उतरली की तो आधी चुकीचं वजन दाखवतो आणि मग बंद पडतो, म्हणून सोबत आलेलं प्रमाण वजन ठेवून मधूनमधून तपासायचं. आणि लॅम्पला दुधी बल्ब घेऊ नका. त्याच्या मऊ उजेडात सगळीच नाणी एक ग्रेड वरची दिसतात.