‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ : ऐकणाऱ्याऐवजी बोलणाऱ्याला कामाला लावणारे ॲप

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, यंदा ८२वे वर्ष लागले आणि त्यांच्यासाठी घरच्या घरी एखादे ॲप तयार करावे, असे आम्ही भावंडांनी गेल्या दिवाळीत ठरवले. भाचा संगणकशास्त्र शिकतो, त्यामुळे कारागीर घरचाच होता. वहीत यादी उतरू लागली: औषधांची आठवण, मोठी बटणे, घरात पडल्यास मुलांना कळवणारी घंटा, नोटा ओळखणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे. दोन बैठकांत १९ कलमे झाली. अण्णा शेजारीच आरामखुर्चीत बसलेले होते आणि या चर्चेतला एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. आईच्या आले. “ज्यांच्यासाठी करताय त्यांना एकदा विचारा तरी,” असे ती म्हणाली. त्यांना विचारता यावे म्हणून जे साधन आम्ही फोनवर उतरवून घेतले, त्याचेच हे परीक्षण आहे.

‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हे गूगलचे ॲप असून ते फेब्रुवारी २०१९मध्ये बाहेर आले. लहानपणापासून बहिरेपण असलेले गूगलमधील संशोधक दिमित्री कानेव्स्की यांचा त्याच्या निर्मितीत मोठा वाटा आहे, आणि कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाचेही त्यात साहाय्य घेतलेले आहे. काम एकच: समोरचा माणूस बोलतो, फोनचा माइक ते टिपतो आणि पडद्यावर त्याची अक्षरे उमटत जातात. सत्तरहून अधिक भाषांमध्ये हे चालते आणि त्यांत मराठी आहे. पैसे पडत नाहीत, जाहिराती दिसत नाहीत. काही अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासूनच असते, नसल्यास प्ले स्टोअरवरून घेता येते. आयफोनवाल्यांना मात्र त्याचा उपयोग नाही.

म्हातारपणाच्या बहिरेपणाविषयी घरोघरी एक गैरसमज असतो आणि आमच्याकडेही तो होता. आवाज सरसकट लहान ऐकू येतो, तेव्हा तो मोठा केला की काम झाले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वयानुसार अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजतात त्या आधी उंच पट्टीच्या आवाजांसाठी असलेल्या, आणि स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज नेमका त्याच पट्टीत असतो. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते शाबूत राहतात. म्हणून ‘सात’, ‘आठ’ आणि ‘हात’ या तिन्ही शब्दांतला ‘आ’ तेवढा स्पष्ट ऐकू येतो आणि बाकीचे अंदाजावर सोडावे लागते. “ऐकू येतंय रे, पण कळत नाही,” हे अण्णांचे ठरलेले वाक्य आम्ही इतकी वर्षे हेकटपणा समजत होतो. ते त्यांच्या दुखण्याचे अगदी अचूक वर्णन होते. ओरडून बोलले तर स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजने होती तिथेच राहतात, शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो तो वेगळाच. रक्तदाबाची गोळी सातला घ्यायची की आठला, एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरात जे आवाज चढले आहेत त्यांचा हिशेब न मांडलेला बरा.

श्रवणयंत्राला हे ॲप पर्याय नाही, हे आधीच सांगून टाकतो. कान तपासून, ज्या पट्टीत उणीव आहे ती भरून काढणारे यंत्र लावणे हाच मूळ उपाय आहे, आणि अण्णांकडे ते यंत्र आहे. ते बहुतेक वेळ टेबलाच्या खणात असते, कारण भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघरही त्यातून मोठी होऊन येते. तिथे अक्षरे कामाला येतात.

या ॲपमधली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट जाहिरातीत कुठे सांगितलेली नाही. वृद्धांसाठी म्हणून जे जे बनवले जाते, ते बहुधा वृद्धांनाच नवे काहीतरी शिकायला लावते: हे दाबा, इथून सरकवा, संकेतशब्द लक्षात ठेवा. इथे ऐकणाऱ्याने फक्त वाचायचे असते. अण्णांनी आयुष्यभर रोज दोन वर्तमानपत्रे वाचली आहेत, तेव्हा ती सवय आयतीच आहे. शिकावे लागते ते बोलणाऱ्याला. एका वेळी एकाने बोलावे, वाक्य पुरे करावे, दुसऱ्या खोलीतून हाका मारू नयेत, तोंड फोनकडे असावे, ही शिस्त आपोआप येते, कारण बोललेले चुकले की ते सर्वांच्या डोळ्यांदेखत चुकीचे उमटते. पूर्वी न कळल्याचा दोष अण्णांवर येत असे. आता मी घाईने बोललो की दोष माझ्याकडे येतो. घरातले वातावरण बदलायला एवढे पुरले.

पडद्याची मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे. अक्षरे पुष्कळ मोठी करता येतात, आणि देवनागरीसाठी ही सोय रोमन लिपीपेक्षा अधिक गरजेची आहे, कारण आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, उकार असा सगळा महत्त्वाचा मजकूर अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी बारीक खुणांत भरलेला असतो. ध आणि घ, भ आणि म यांत फरक दाखवणारी रेघ मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना लहान आकारात दिसतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवण्याची सोय आहे. पांढऱ्या पडद्याचा झगमगाट ज्यांना सोसत नाही त्यांनी ती जरूर वापरावी. कोपऱ्यातले वर्तुळ आजूबाजूचा गोंगाट किती आहे ते दाखवते, त्यामुळे टीव्ही बंद करा हे कोणाला सांगावे लागत नाही. नेहमीची विशेषनामे आणि खास शब्द आधी भरून ठेवता येतात. नातवंडांची नावे आणि औषधांची नावे आम्ही पहिल्याच दिवशी भरली. दोन भाषा निवडून एका स्पर्शात एकीवरून दुसरीवर जाता येते, जी सोय डॉक्टर हिंदीतून बोलत असतील तेव्हा उपयोगी पडते.

बोललेले तीन दिवस फोनमध्ये राखून ठेवण्याचीही सोय आहे, मात्र ती आपण सुरू करावी लागते. डॉक्टरांनी काय सांगितले ते घरी येऊन पुन्हा वाचता यावे, असा त्यामागचा विचार दिसतो आणि तो योग्यच आहे. आमच्याकडे ती बंद आहे. “पन्नास वर्षं बोलले ते यांनी लक्षात ठेवलं नाही, आता तीन दिवसांचं ठेवून काय करणार,” असे आईचे म्हणणे पडले आणि त्यापुढे कोणाचा इलाज चालला नाही.

मर्यादा आहेत आणि त्या जाणूनच हे साधन वापरले पाहिजे. मराठीसाठी इंटरनेट चालू आहे असे धरूनच चालावे. जिथे नेटची रेंज कमी, तिथे भरवसा ठेवू नये. कोण बोलले हे ॲप वेगळे करून दाखवत नाही, त्यामुळे लग्नघरात किंवा सोसायटीच्या सभेत चार जणांचे बोलणे एकाच परिच्छेदात ओतले जाते. बोलणारा लांब असेल, बोली वेगळी असेल किंवा वाक्यात मध्येच इंग्रजी शब्द येत असतील, तर आवाज ओळखणाऱ्या कोणत्याही यंत्रणेप्रमाणे चुका वाढतात. म्हणून औषधाची मात्रा, रक्कम आणि तारीख या तीन गोष्टी पडद्यावर उमटल्या तरी कागदावर लिहूनच द्याव्यात, असा नियम आम्ही घातला आहे.

सुरू करण्याची पद्धत हा खरा अडसर ठरू शकतो, कारण ॲप शोधण्यातच बोलणारा कंटाळून निघून जातो. त्यावर उपाय फोनच्या सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या, दिसण्या-ऐकण्यातल्या अडचणींसाठीच्या सोयी असलेल्या भागात आहे: तिथे शॉर्टकट चालू केला की पडद्याच्या कडेला एक बटण कायमचे राहते, किंवा आवाज कमी-जास्त करण्याच्या दोन्ही कळा एकत्र दाबून धरल्या की ॲप उघडते. त्याच भागात स्पर्श किती वेळ टिकला म्हणजे तो ‘दाबून धरणे’ समजावा, हेही वाढवता येते. थरथरत्या बोटाने हलकेच टेकवायचे ते दाबून धरले जाते आणि भलतेच काहीतरी उघडते, ही तक्रार त्याने बरीच कमी झाली. बोटांची त्वचा कोरडी पडल्यामुळे पडदा स्पर्शच ओळखत नाही, यावर मात्र आम्हाला सेटिंग सापडले नाही. हात किंचित ओला करणे हा अण्णांनी स्वतः शोधलेला उपाय आहे.

आता तुलना. याच काळात आम्ही खास ज्येष्ठांसाठी म्हणून विकले जाणारे, वर्षाची वर्गणी घेणारे एक ॲपही घेऊन पाहिले. नाव सांगत नाही. बटणे खरोखर मोठी होती, परंतु फोन लावण्याचे बटण वर्गणी वाढवण्याच्या सूचनेखाली झाकले जात असे, आणि फिक्या करड्या रंगातली अक्षरे वाचण्यासाठी मलाच चष्मा लावावा लागला. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे बसवताना त्याने संपर्कयादी, ठिकाण आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेची परवानगी अशी तिन्ही मागितली. ही शेवटची परवानगी मिळालेल्या ॲपला पडद्यावरचे सर्व काही वाचता येते आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात; बँकेचे पैसे लुबाडणारी बनावट ॲप्स तीच परवानगी मागतात. ज्येष्ठांच्या फोनमध्ये ती देण्यापूर्वी घरच्यांनी दहा वेळा विचार करावा. आम्ही ते ॲप त्याच दिवशी काढून टाकले, वर्गणी गेली ती गेली.

भाच्याच्या वहीतल्या यादीचे काय झाले, तेही सांगायला हवे. नोटा ओळखण्याचे कलम गळाले, कारण रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप १ जानेवारी २०२०पासून मोफत उपलब्ध आहे आणि ते इंटरनेटशिवायही नोट किती रुपयांची ते बोलून सांगते. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही. पडद्यावरील मजकूर मोठा करून पाहण्याचे कलमही गळाले, कारण मॅग्निफिकेशनची सोय फोनमध्येच निघाली. असे करता करता १९पैकी उरले ते एकच: विखुरलेल्या या सगळ्या सेटिंग्ज कोणत्या क्रमाने, कोणी आणि कशा लावायच्या हे सोप्या मराठीत दाखवणारे मार्गदर्शक, आणि तेही अण्णांसाठी नव्हे, आमच्यासाठी. दुसऱ्या ॲपला या सेटिंग्ज परस्पर बदलू न देणे हे अँड्रॉइडचे धोरण असल्याने आमचे ॲप फार तर योग्य पान उघडून देईल, पुढचे बोट माणसालाच लावावे लागेल. भाच्याला हे काम फारच किरकोळ वाटते आणि त्याने ते अजून सुरू केलेले नाही.

अण्णांनी दरम्यान पुस्तक ठेवायचा जुना लाकडी स्टँड माळ्यावरून काढायला लावला. फोन आता त्यावर असतो, आणि कोणी भेटायला आले की ते स्टँड पाहुण्याकडे सरकवतात आणि म्हणतात, “इकडे बघून बोला.”