निवासी जिम्नॅस्टिक्स अकॅडमी, दोन वर्षांचा अनुभव

सुविधा चांगल्या आहेत, बीम, व्हॉल्ट, मॅट सगळं नीट, कोचना टेक्निक पण येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवाळीला मुलगी घरी आली आणि फ्रिजसमोर उभी राहून विचारते, "आई, पाणी पिऊ का?" पोटात गोळाच आला माझ्या. १२ वर्षांची पोर स्वतःच्या घरात पाण्यासाठी परवानगी मागतेय!

मग हळूहळू एकेक कळत गेलं, रोज सकाळी सगळ्यांसमोर वजन, फोन फक्त रविवारी १० मिनिटं आणि तोही स्पीकरवर, दुखतंय म्हटलं की "नाटकं करू नकोस", आणि एकीचं चुकलं की अख्ख्या ग्रुपला शिक्षा, त्यामुळे मुलीच एकमेकींवर डाफरायला लागल्या, माझी पण धाकट्या भावाशी अगदी सरांच्याच टोनमध्ये बोलत होती. वाढदिवसाला कुठला ड्रेस घ्यायचा ते सुद्धा तिला सांगता येईना.

पालकांना आत सोडत नाहीत, हे आम्ही शिस्त म्हणून चालवून घेतलं, चूक झाली. अमेरिकेत टेक्ससच्या कॅरोली रँचवर (तिथल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स टीमचं ट्रेनिंग सेंटर) पण आईवडिलांना प्रवेश नव्हता आणि तिथेच टीमचा डॉक्टर लॅरी नासर मुलींवर अत्याचार करत होता, २०१८ मध्ये ऑलिम्पिक चॅम्पियन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स जाहीरपणे बोलली आणि तिथले कॅम्प बंद झाले.

अ‍ॅडमिशनआधी प्रॅक्टिस बघायला मागा, नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

आता ती जवळच्या क्लासला जाते. परवा मनगट दुखलं तर स्वतःहून सांगून बाजूला बसली.