म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: गाडी घरी ठेवून या

२०२४ च्या नोव्हेंबरात 'गोवा ओस पडला'चे व्हिडिओ फिरत होते, तेव्हा पुण्याच्या नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे दुकानं तरी उघडी असतात ना?" तिला एका शुक्रवारी उत्तर गोव्यातल्या आमच्या म्हापशाच्या बाजारात उभं करायला हवं होतं. उभं राहायला जागा मिळाली असती तर.

त्या ओरडीत तथ्य नव्हतं असं नाही. परदेशी पाहुणे २०१९ मध्ये ९ लाखांच्या वर आले होते, २०२४ मध्ये पावणेपाच लाखांच्या आतच. पण त्याच वर्षी देशातले ९९ लाख येऊन गेले, ते कोणाच्या रीलमध्ये दिसले नाहीत. एका बहाद्दराने तर म्हापशातली बंद शटरं दाखवून 'मंदी' म्हटलं होतं. बाबा रे, घड्याळ बघ! दुपारी एक ते चार आमचे दुकानदार जेवून आडवे होतात. मंदी असो वा तेजी, झोप ठरलेली.

शिवाय हा बाजार कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या हंगामावर चालत नाही. एप्रिल-मे आला की पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे वर्षाची साठवण, भरायला माणसं येतात: सुकी सुंगटं (कोळंबी), कोकम, मीठ, मिरची. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, मग लग्नसराई. पेडणे-बार्देशच्या गावठी भाजीवाल्या बायका आणि कदंबातून, म्हणजे सरकारी बसमधून, पिशव्या घेऊन उतरणारी गिऱ्हाइकं, यांच्यावर तो चालतो.

घेण्यासारखं काय? मयडे गावची केळी, डोळे झाकून. जाडजूड असतात, हलव्याला दुसरी नकोतच. खाजें, म्हणजे जत्रेतला गुळाचा खाऊ, घ्या, आल्याचा ठसका लागतो. मिरचीला मात्र सांभाळा. हरमल गावची म्हणून मला एकीने भलतीच मिरची गळ्यात मारली, आमटीला ना रंग ना तिखटपणा. आता मी आधी विकणारीचं गाव विचारते आणि थोडी गप्पा मारते. बोली खोटी बोलता येत नाही. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळांपुढे फोटोवाले वाट अडवून उभे असतात, त्यांना कोपराने बाजूला सारायला लाजू नका.

दुखणं खरं आहे, पण ते गर्दीचं. वाटेवर पसरे, डोक्याला लागणारी ताडपत्री, पावसात घोट्यापर्यंत चिखल आणि धड स्वच्छतागृह नाही म्हणून बायकांनी चार तास तहान मारून काढायचे. यावर बातमी झाली तर मी स्वतः पेपर विकत घेईन.

सकाळी नऊच्या आत या, सुटे पैसे आणि कापडी पिशवी आणा. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान हवं असेल तरच या. नुसतं बघायला येणाऱ्यांना त्या दिवशी भाजीवालीसुद्धा ओरडते.