वाढलेलं कॅल्शियम आणि बिघडलेलं मन: ऑपरेशन, गोळ्या की वाट पाहणं?

उदासी, चिडचिड, उडालेली झोप, ओठांवर आलेलं नाव न आठवणं. त्यात रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम १०.९ मिलिग्रॅम (दर डेसिलिटरला), म्हणजे वाढलेलं, आणि ते वाढवणारं पीटीएच हे संप्रेरकही वाढलेलं. पीटीएच बनवणाऱ्या, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ लगेच काढावी का?

आधी निदान पक्कं करा, कारण चुका इथेच होतात. कॅल्शियम नॉर्मल आणि फक्त पीटीएच जास्त असेल, तर पहिला संशय ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर घ्यावा. बायपोलरसाठी लिथियम चालू असेल, तर त्यानेही दोन्ही आकडे चढतात. पण ते परस्पर बंद करू नका. २४ तासांच्या लघवीची तपासणी टाळू नका. कॅल्शियम-क्रिएटिनिन क्लिअरन्सचं गुणोत्तर (मूत्रपिंड क्रिएटिनिनच्या तुलनेत किती कॅल्शियम लघवीत टाकतं) ०.०१ च्या खाली आलं, तर आजार आनुवंशिक असण्याची शक्यता मोठी, आणि त्यात ऑपरेशनचा उपयोग नाही.

ऑपरेशन हाच कायमचा इलाज. बहुतेकदा चारपैकी एकच ग्रंथी वाढलेली असते, आणि अनुभवी सर्जनच्या हातून ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांचं कॅल्शियम ताळ्यावर येतं. गाठ काढल्यावर १० मिनिटांत पीटीएच निम्म्यावर आलं, की काम फत्ते समजतात. आवाजाच्या नसेला इजा क्वचित होते. नंतर ओठ-बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलंय. मनाचं मात्र छातीठोक सांगता येत नाही. काहींना लवकरच हलकं वाटतं, काहींना फरकच पडत नाही, आणि कॅल्शियम किती होतं यावरून ते आधी ओळखता येत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना केवळ मानसिक तक्रारींसाठी ऑपरेशन सुचवत नाहीत.

सिनाकॅल्सेटची गोळी (सुरुवातीला ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) कॅल्शियम उतरवते, तेही घेत असेपर्यंतच. विरळ झालेली हाडं भरत नाहीत, मळमळ होते. ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी ठीक.

थांबायचं तर दरवर्षी कॅल्शियम व क्रिएटिनिन, एक-दोन वर्षांनी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी). पाणी भरपूर प्या. दूध-दही तोडू नका. गोंधळल्यासारखं, गुंगीत गेल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमचं मत: वय ५० च्या आत, कॅल्शियम नॉर्मलच्या वरच्या मर्यादेहून १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त, मुतखडा, टी-स्कोअर (डेक्सातला हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली, ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) ६० च्या खाली, यांतलं एक जरी असेल तर ऑपरेशन लांबवू नका. यांतलं काहीच नसेल, तर आधी थायरॉइड आणि बी-१२ पाहा, उदासीवर रीतसर उपचार घ्या. ऑपरेशन ठरलंच, तर पीएचक्यू-९ ही उदासी मोजणारी प्रश्नावली आधी आणि सहा महिन्यांनी भरा. तोवर कॅल्शियम नॉर्मल राहूनही गुण तेवढेच असतील, तर उदासीचं मूळ बहुधा दुसरीकडे आहे.