आउटलुक बिघडलं तर स्कॅनपीएसटी चालवायचं की नवीन प्रोफाइल करायचं?
आउटलुक उघडताना पीएसटी फाइलची (ज्यात कॉम्प्युटरवरचे मेल साठतात ती) एरर आली की लोक लगेच नवीन प्रोफाइल (म्हणजे अकाउंट आणि फाइलींच्या सेटिंगचा संच) बनवायला धावतात, पण खराब फाइलच त्या प्रोफाइलला परत जोडली तर एरर पण परत येणार ना! तिथे स्कॅनपीएसटी हे फाइल दुरुस्त करणारं टूलच लागतं, ते मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फोल्डरमध्येच असतं, आउटलुक बंद करून चालवायचं, आणि बॅकअपची टिक अजिबात काढू नका, कारण रिपेअरमध्ये काही मेल गळू शकतात. फाइल मोठी असेल तर वेळ खातं, एकदा चालवून भागत नाही, एरर संपेपर्यंत दोन-तीनदा चालवा.

फाइल ठीक आहे पण पासवर्ड सारखा मागतंय, सेंड-रिसीव्ह अडकतंय, तर मग प्रोफाइल. कंट्रोल पॅनेलमधल्या मेलमध्ये जाऊन बनवायचं, एक्सचेंजचं (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचं) अकाउंट असेल तर मेल, कॅलेंडर सगळं सर्व्हरवरून परत उतरतं.

आयमॅपवाल्यांनी (ज्यांचं अकाउंट सर्व्हरशी फक्त मेल सिंक करतं) मात्र प्लीज थांबा! तुमचं कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट बऱ्याचदा फक्त त्याच कॉम्प्युटरवर असतात, जुनं प्रोफाइल आणि ओएसटी फाइल (त्या अकाउंटचा डेटा कॉम्प्युटरवर ठेवणारी) उडवली की अपॉइंटमेंट गेल्याच, आधी ते पीएसटीत एक्सपोर्ट करा. मी तर जुनं प्रोफाइल आठवडाभर तसंच ठेवायला सांगतो.