लायसन्स आमचंच होतं, पैसे पुन्हा घेतले

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. वाशीच्या दलालांकडून आलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या, फवारणीचा खर्च, घरपोच पेटी मागवणाऱ्या साडेतीनशे गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं एकाच डेस्कटॉपवर. २०१७ साली घेतलेला, विंडोज १० सकट. २०२५च्या दिवाळीत त्याचं काय झालं ते लिहितो, कारण अशी जुनी मशीन आपल्याकडे घरोघरी आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत अपडेट थांबवले. पडद्यावर तशा सूचना यायला लागल्या. मशीन आधीच संथ झालं होतं, म्हणून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. "काका, दहा बंद झालां. आता ह्यां चालाचां नाय. अकरा टाकूया, ओरिजनल लायसन्स साडेसहा हजार." दोन दिवसांनी मशीन घरी आलं. पैसे यूपीआयने दिले, बिल मागितलं तर "मागाहून देतंय". डेटाबद्दल विचारलं होतं, "सगळो सेफ आसा" म्हणाला. घरी येऊन बघतो तर दोन्ही ड्राइव्ह कोरे.

डिसेंबरात रत्नागिरीला इंजिनिअरिंग शिकणारी पुतणी आली. तिने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत लायसन्सची मुदत दाखवणारा slmgr चा आदेश दिला, म्हणजे एसएलएमजीआर, जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्सपीआर. कायमच्या लायसन्सला तिथे तारीख येत नाही. आमच्याकडे आली. चोरून चालू केलेलं विंडोज, १८० दिवसांच्या मुदतीचं. विकत घेताना आलेलं खरं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, पुन्हा विंडोज टाकलं की ते आपोआप लागू होतं. म्हणजे साडेसहा हजार कशाचे घेतले?

तेवढ्यावर भागलं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर आठ जीबी रॅमच्या जागी चारच. आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा लागतो. विंडोज ११ची ही तपासणी चुकवून ते बसवलं होतं. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी अकरा टाकून घेतलं, त्यांचाच भरवसा गेला.

खरं तर विंडोज १० त्या तारखेनंतरही चालतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून विंडोज अपडेटमध्ये नावनोंदणी केली आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, की १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट फुकट मिळतात. आणि संथपणाचं मूळ टास्क मॅनेजरमध्येच दिसतं. मशीन रिकामं बसलेलं असताना डिस्क शंभर टक्क्यांवर असेल तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, घातली की बराच फरक पडतो.

पुतणीने पेनड्राइव्हवरून, काही न बसवता, लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, चालवून दाखवलं. चार जीबीतही सहज चाललं, एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिस या मोफत ऑफिसमध्ये उघडल्या, मराठी टायपिंगही झालं. जीएसटीचं काम ब्राउझरवर होतं. पण आमच्या सीएला हिशेबाचं टॅलीच हवं, आणि टॅली विंडोजवरचं. म्हणून खरं विंडोज १० परत टाकलं. ज्याला फक्त ब्राउझर, पत्रं आणि तक्ते लागतात, त्याने मिंट जरूर करून बघावं.

विंडोज १० परत टाकण्याआधी तिने फोटोरेक या मोफत साधनाने पुसलेल्या फायली काढून बघितल्या. नावं गेली, नुसते आकडे उरले. काही उघडल्या, गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची उघडली नाही. डिस्क पुसली गेली असेल तर त्यावर पुढे काहीही लिहू नका. आम्ही दोन महिने लिहीत राहिलो.

दुरुस्तीवाला म्हणतो, रॅम चारच होती. माझ्याकडे फोटो नाही, बिल नाही, फक्त यूपीआयची नोंद. तेवढ्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तुम्ही मशीन देण्याआधी रॅम आणि डिस्क दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो काढा, फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोहोर आला आहे. जुन्या पावत्यांवरून पत्ते वहीत उतरवतो आहे, आत्तापर्यंत एकशेदहा झाले.