टेसेलच्या म्युझियममधले दोन रेशमी झगे आणि एक निनावी गलबत

आईला परत जायला आठ दिवस उरले होते. ट्यूलिप झाले, पवनचक्क्या झाल्या, कालव्यातली बोट झाली. तिला मात्र एकच गोष्ट बघायची होती. येवल्याहून मामाने तिला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "इंग्लंडच्या राणीच्या सखीचा झगा, पावणेचारशे वर्षं समुद्रात राहूनही शाबूत." आमचं आजोळ पैठणी विणणाऱ्यांचं. आजोबा माग चालवायचे, मामा अजून चालवतो. त्यामुळे असा फोटो आमच्या घरात नुसता पुढे ढकलला जात नाही, त्यावर चर्चा होते. आईचं म्हणणं होतं की एवढी वर्षं पाण्यात रेशीम टिकणं शक्यच नाही. "मला डोळ्यांनी बघायचंय," ती म्हणाली. म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही दोघी टेसेल बेटावर काप स्किल म्युझियमला गेलो. नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींना हे म्युझियम फारसं ठाऊक दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी झग्याबद्दलच लिहिते, कारण जायचं ते त्याच्यासाठी.

काचेच्या पेटीसमोर उभं राहिल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काही नीट दिसत नाही. रेशमाला उजेड सोसत नाही म्हणून तिथे प्रकाश अगदी मंद ठेवलाय. घाई करू नका. डोळे सरावले की आधी उभी कॉलर दिसते, मग चुण्या, मग भरदार बाह्या, आणि मग सगळ्या अंगभर फुलं. रंग आता पिकल्या पानासारखा, कुठे फिका, कुठे डाग पडलेला. आई पेटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत राहिली. मला वाटलं तिला जागा मिळत नाहीये. तर ती म्हणाली, "इकडून फुलं दिसतात बघ, आणि तिकडे गेलं की बुजतात. अगं, एकाच रंगात विणलंय हे."

तिने बरोबर ओळखलं होतं. या कापडाला डमास्क म्हणतात. पैठणीत आपण मोराला हिरवा धागा वेगळा घालतो, कमळाला गुलाबी वेगळा. इथे तसं नाही. धागा तोच, रंगही तोच. कुठे ताणा, म्हणजे उभा धागा, वर ठेवायचा आणि कुठे बाणा, म्हणजे आडवा धागा, एवढ्यावर नक्षी उठते. ताणा वर आला तिथे कापड चकाकतं, बाणा वर आला तिथे ते शांत दिसतं. उजेडाची तिरीप बदलली की फूल उमलतं किंवा मिटतं. मातीत आणि खाऱ्या पाण्यात साडेतीनशेच्या वर वर्षं काढूनही त्या कापडाची ही खोड गेलेली नाही. जरीचं किंवा सोन्याचं भरतकाम या झग्यावर नाही, म्हणून अभ्यासकांना तो नेहमी वापरायच्या कपड्यांतला वाटतो. नेहमीच्या वापरातला! आई त्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

तिची मूळ शंका होती ती रेशीम टिकलं कसं याची. दालनात एक वयस्कर डच गृहस्थ लोकांना माहिती देत होते, त्यांना मी विचारलं. त्यांनी फार छान समजावलं. गलबत वाळूत रुतलं आणि पेट्या वाळूखाली गाडल्या गेल्या. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड पोखरणाऱ्या किड्याला आणि कुजवणाऱ्या जंतूंना वाव मिळत नाही. तशातही वनस्पतींपासून केलेले धागे गेले, म्हणजे जवसाच्या धाग्याचं लिनन कापड नाहीसं झालं. प्राण्यांपासून येणारं रेशीम, लोकर, चामडं मात्र राहिलं. मी आईला मराठीत सांगितलं. तिने लगेच विचारलं, "मग शिवण कशी राहिली? म्हणजे शिवलंही रेशमाच्याच धाग्याने असणार." मी तिचा प्रश्न त्यांना सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि आईकडे वळून, तिला कळत नाही हे माहीत असून, सरळ तिच्याशीच डचमध्ये दोन वाक्यं बोलले. मला ते फार आवडलं.

आता ही पेटी नायट्रोजनने भरून बंद केलेली आहे, म्हणजे कापडाला प्राणवायू लागूच नये. हे ऐकताना मला आजीचा शालू आठवला. नाशिकच्या एका ड्रायक्लीनिंगवाल्याने त्यावर कडक इस्त्री फिरवली आणि घडीच्या रेषेवर रेशीम उभं चिरलं. साठ वर्षं जपलेलं वस्त्र एका दुपारी गेलं. रेशीम पाण्याने मरत नाही, ते घडीवर आणि उष्णतेने मरतं, असं आजोबा सांगायचे. इथे ते डोळ्यांनी पाहिलं.

आता गलबताची हकिगत. या वेळेपर्यंत आई अजून राणीच्या सखीचाच झगा बघत होती.

टेसेलच्या पूर्वेला, वाडन समुद्रात, बुर्गझांड नावाचा भाग आहे. डच जहाजं वाऱ्याची वाट बघत तिथल्या नांगरवाड्यात, म्हणजे नांगर टाकून थांबायच्या जागी, उभी राहायची आणि वादळ आलं की तिथेच बुडायची. अनेक गलबतं त्या वाळूत आहेत. १९३२ साली आफ्स्लाउटडाइक हा मोठा बांध पुरा झाला, प्रवाह बदलले, आणि तळाची वाळू हळूहळू वाहून जाऊन गाडलेली गलबतं उघडी पडू लागली. यातल्या एकाला अभ्यासक 'बुर्गझांड नोर्ड १७' म्हणतात. टेसेलच्याच डायव्हिंग क्लबचे हौशी पाणबुडे त्यावर उतरत होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांना तिथे कापडाचं गाठोडं उघडं पडलेलं दिसलं. प्रवाह ते घेऊन जाणार हे दिसत होतं म्हणून त्यांनी ते वर आणलं. उलगडलं तेव्हा आत झगा निघाला. एप्रिल २०१६ मध्ये तो लोकांसमोर आला, आणि तेव्हाच ती सखीची गोष्ट जगभर गेली.

गोष्ट रचलेली नव्हती, हे म्युझियमवाले आवर्जून सांगतात. १६४२ साली इंग्लंडची राणी हेन्रिएटा मारिया हॉलंडला आली. वरकरणी मुलीला तिच्या सासरी पोचवायला, आणि खरं तर दागिने विकून नवऱ्याच्या, म्हणजे राजा पहिल्या चार्ल्सच्या, लढाईसाठी पैसा उभा करायला. तिच्या ताफ्यातलं सामानाचं एक गलबत बुडालं, असं तिची नणंद एलिझाबेथ स्टुअर्ट हिच्या पत्रात आहे. राणीसोबत तिची सखी जीन केर, म्हणजे रॉक्सबरोची काउंटेस, होती. त्यातच या गलबतात एका पुस्तकाच्या चामडी वेष्टनावर इंग्लंडच्या स्टुअर्ट राजघराण्याचं चिन्ह सापडलं. मग दोन इतिहासकारांनी धागे जोडले आणि झगा काउंटेसचा ठरला.

पुढे लाकडाने साक्ष फिरवली. ओक झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं, चांगल्या वर्षी रुंद आणि वाईट वर्षी अरुंद. त्या रुंद-अरुंदाची लय जुन्या नोंदींशी जुळवली की झाड कधी तुटलं ते कळतं. इथलं काही लाकूड १६४२ नंतर तोडलेल्या झाडांचं निघालं. जे झाड १६४२ मध्ये उभं होतं, त्याची फळी १६४२ मध्ये बुडणार कशी? आता हे गलबत १६६० च्या सुमारास बुडालं असं मानतात. काउंटेस गेली, आणि तिच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. गलबताचं नाव माहीत नाही, मालक माहीत नाही, झग्याची मालकीण माहीत नाही.

मला या म्युझियमची सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटली. राणीच्या सखीचं नाव ठेवलं असतं तर तिकिटं जास्त खपली असती. त्यांनी ते खोडलं, का खोडलं तेही सांगितलं, आणि जागा मोकळी ठेवली. आपल्याकडे एखाद्या तलवारीला, एखाद्या वाड्याला एकदा मोठं नाव चिकटलं की ते सोडवताना किती भांडणं होतात ते आपण बघतोच.

मग त्या गलबताला म्हणतात तरी काय? पाल्महाउट, म्हणजे पाल्म लाकडाचं गलबत. माडाशी याचा काही संबंध नाही. डच लोक बॉक्सवुडला पाल्महाउट म्हणतात. ते पिवळसर, घट्ट लाकूड या गलबताच्या मालात होतं. शिवाय मस्तकी नावाचा डिंकही होता. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "रुमी मस्तकी? ती तर काष्ठौषधीवाल्याकडे मिळते." तीच ती. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडल्या कियॉस बेटावर प्रामुख्याने होते. म्हणजे गलबत त्या बाजूने येत असावं. कपड्यांमध्ये एक उस्मानी पद्धतीचा कफ्तानही आहे, ३२ पुस्तकांची चामडी वेष्टनं आहेत (कागद पार गेलेले), विणलेले रेशमी मोजे आहेत, आणि उवा काढायची फणी आहे. फणीसमोर आई हसली. "कुठलीही राणी असली तरी," एवढंच म्हणाली.

दुसरा झगा नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आला. हा चांदीचा. रेशमात चांदीचा धागा विणलेला, एकमेकांत गुंफलेल्या हृदयांची नक्षी, म्हणून हा लग्नातला असावा असं मानतात. चांदी बहुतेक झडून गेलीय. जरीचं काम करणाऱ्या घरातल्या माणसाला ते बघवत नाही, खरं सांगते. आमच्याकडे जरीची तार काळी पडली तरी जीव हळहळतो, इथे चांदीच निघून गेलीय आणि ज्यावर ती बसली होती ते रेशीम मागे उरलंय. आई पहिल्या झग्यासमोर खूप बोलली. इथे तिने नुसते हात जोडले.

बाकी म्युझियम थोडक्यात. इमारत २०११ ची आहे, मेकानो या डच वास्तुकारांची, आणि समोरच्या लाकडी पट्ट्या एका जुन्या कालव्याच्या काठातून काढलेल्या लाकडाच्या आहेत. तळघरात टेसेलच्या नांगरवाड्याची अठरा मीटर लांब प्रतिकृती आहे, बारीक बारीक जहाजांसकट. तिथे मी रेंगाळले, कारण माझं सासर वेंगुर्ल्याचं. १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, तिचे अवशेष आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पूर्वेकडे निघणारी कितीतरी डच जहाजं याच पाण्यात पूर्ववाऱ्याची वाट बघत थांबायची. बाहेरच्या आवारात कोळ्यांची जुनी घरं आणि पवनचक्की आहे. मुलं असतील तर तिथे तास जातो.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डेन हेल्डरहून फेरी वीस मिनिटांची आहे, तिकीट फक्त जाताना काढायचं, येताना लागत नाही. म्युझियम बेटावरच्या आउडेस्खिल्ड गावात आहे, तिथपर्यंत जायला टेक्सलहॉपर ही छोटी बस आधी नोंदवावी लागते. आम्ही नोंदवली नव्हती आणि पाऊण तास बंदरावर वाऱ्यात उभ्या राहिलो, ती चूक करू नका. इंग्रजीत एक्स लिहितात तरी उच्चार टेसेल असाच आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर झग्याच्या दालनासाठी किमान तासभर ठेवा.

परतीच्या फेरीत आईने मामीला फोन लावला. झगा कसा होता ते सांगेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "ताईच्या लग्नातली पैठणी कपाटात खाली ठेवलीय ना? ती आज काढ. घडी मोड, उलटी घाल, आणि नव्या मलमलीत बांध. आणि मामाला सांग, ती सखीची नव्हती. कोणाची ते अजून शोधतायत."